आपल्या वाट्याची कर्जखतं

देहूच्या मोरे घराण्यात पिढ्यानपिढ्या विठ्ठलाची पूजा होती आणि त्याच घरात सावकारीही होती. थोरला सावजी विरक्त वृत्तीचा, म्हणून बोल्होबांनी कारभार मधल्या मुलाच्या, तुकारामाच्या, हाती दिला. तेव्हा तो पोरवयातच होता. पुढे थोड्या वर्षांत आईवडील गेले, भावजय गेली, सावजी घर सोडून तीर्थाटनाला निघून गेला. त्यावर १६३०च्या सुमाराचा भीषण दुष्काळ आला. दख्खनेत गावंच्या गावं ओस पडली. तुकोबांचं दिवाळं निघालं, गुरं गेली, पहिली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली, लहानगा संतूही गेला. १६०८ हे जन्मवर्ष धरलं, तर हे सगळं सोसणारा माणूस जेमतेम बाविशीत होता.

तुकोबांचं नाव निघालं की आपल्याला नदीतून वर आलेली गाथा आठवते, नाहीतर वैकुंठगमन. पण ज्याच्या घरावर आत्ता, याच वर्षी घाला पडला आहे, त्याला त्याआधीचा एक प्रसंग जास्त उपयोगाचा आहे. म्हणून आज तोच धरून बोलते.

सगळं गमावल्यावर तुकोबा गावाजवळच्या डोंगरावर एकटे जाऊन बसले. धाकटा भाऊ कान्होबा शोधत शोधत तिथे पोहोचला. घरात वडिलोपार्जित कर्जखतं होती, म्हणजे गावातल्या लोकांकडून येणं असलेल्या पैशांचे कागद. परंपरा सांगते की तुकोबांनी ते सगळे कागद मागवले, त्यांचे दोन वाटे केले, एक वाटा कान्होबाच्या हाती दिला आणि स्वतःच्या वाट्याचे कागद इंद्रायणीत बुडवले.

या प्रसंगाकडे आपण वैराग्याची गोष्ट म्हणून पाहतो आणि पुढे जातो. जरा थांबून पाहा. ज्यांच्याकडून येणं होतं तीही दुष्काळातून उरलेलीच माणसं होती. वसुलीला जायचं तर त्याच घरांच्या उंबऱ्यावर पुन्हा उभं राहायचं, तोच हिशेब पुन्हा मांडायचा, आणि दर खेपेला आपलं काय काय गेलं ते नव्याने मोजायचं. तुकोबांनी ते मोजणं थांबवलं. आपल्याला जे मिळायला हवं होतं ते या माणसांकडून आता मिळणार नाही, आणि तरी आपलं चालेल, कारण आपला सांभाळ करणारा दुसराच कोणी आहे, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी करून दाखवलं. माझ्या मते भरवसा म्हणतात तो हाच. भाऊ जवळ होता, घरात पोटाचा प्रश्न होता, आणि तरी हात पाण्यापर्यंत गेला.

आणखी एक. कान्होबाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. आणि बुडवले ते येण्याचे कागद. देण्याचे नव्हेत.

या दोन गोष्टी लक्षात ठेवून आता तुमच्या घराकडे येऊ.

दुःखातल्या माणसाला आपल्याकडे पहिल्याच दिवशी गप्प केलं जातं. देवाची इच्छा, असं कोणीतरी म्हणतं आणि मग रडणंसुद्धा अश्रद्धा वाटू लागतं. वारकरी संतांचं वागणं याच्या अगदी उलट आहे. जनाबाई विठ्ठलावर रागावते तेव्हा शब्द राखून ठेवत नाही. चोखोबा देवळाच्या बाहेर उभे राहून त्याला जाब विचारतात. रामेश्वर भटांच्या आज्ञेवरून अभंगांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या, तेव्हा तुकोबा नदीकाठच्या शिळेवर अन्नपाणी सोडून तेरा दिवस बसले, असं परंपरा सांगते. ते देवाच्या दारात धरलेलं धरणं होतं. ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्याशीच माणूस असं भांडतो. परक्याच्या दारात कोणी तेरा दिवस बसत नाही.

तेव्हा पहिलं काम हे करा. दिवसातली एक वेळ ठरवा. दिवेलागणीची ठेवा, किंवा पहाटे झोप मोडते ती. देवघरासमोर बसा, नाहीतर गच्चीवर, मोटारसायकल उभी करून बांधावर, कुठेही. आणि जे झालं ते मोठ्याने, स्वतःच्या बोलीत, नाव घेऊन सांगा. ‘माझ्यावर संकट आलं आहे’ असं मोघम नको. ‘नोकरी गेली, चार हप्ते थकले, पोराच्या शाळेची फी भरायची आहे, आणि तू कुठे आहेस?’ असं सांगा. राग आला तर रागाने सांगा. दहा-पंधरा मिनिटं झाली की थांबा आणि तुमचा जो नेम असेल तो करा. हरिपाठ म्हणत असाल तर हरिपाठ, नसाल तर नुसती माळ, तेही जमत नसेल तर दिव्यात तेल घालून नमस्कार. तक्रार आणि नेम यांची जोडी महत्त्वाची आहे. नुसती तक्रार केली तर मन त्याच जागी फिरत राहतं, आणि नुसता नेम केला तर आतलं दुःख तसंच झाकलेलं राहतं.

या काळात नवस वाढवू नका. नवस पुरा झाला नाही की माणूस स्वतःच्या भक्तीत खोट शोधू लागतो, आणि एका दुःखावर दुसरं चढतं. ग्रहशांतीसाठी, दोष काढण्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नका. अडचणीतल्या घराचा पत्ता अशा लोकांना फार लवकर लागतो. अंगातलं भूत काढतो म्हणून मारहाण करणारा, पैशांसाठी भीती घालणारा कोणी दारात आला, तर महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. देवावरचा भरवसा मधल्या माणसाच्या हवाली करायचं कारण नाही.

आता मागचं सोडण्याविषयी. हा भाग अवघड आहे, म्हणून त्यावर जास्त वेळ देते.

एक वही घ्या. वहीच घ्या, कारण मनातल्या मनात हा हिशेब कधी जुळत नाही. एका पानावर लिहा, माझं कोणाकडून काय येणं आहे. वडिलांनी भावाला शिकवलं आणि मला नाही. सासूने बाळंतपणात जे बोलून दाखवलं त्याची माफी. भागीदाराने बुडवलेले पैसे. नवऱ्याच्या व्यसनात गेलेली वर्षं. जे जे डोक्यात रात्री येतं ते सगळं उतरवा, लाजू नका. दुसऱ्या पानावर लिहा, माझं कोणाला काय देणं आहे. कोणाची माफी मागायची राहिली, कोणाचे पैसे, कोणाला दिलेला शब्द.

बुडवायचं आहे ते फक्त पहिल्या पानावरचं. दुसरं पान फेडायचं असतं. ‘जाऊ दे, झालं ते झालं, देव क्षमा करतो’ असं म्हणून स्वतःचं देणं नदीत सोडणारे लोक मी पाहते तेव्हा मला त्यांच्यापेक्षा ज्यांचं देणं बुडालं त्यांची काळजी वाटते. माफी मागता येत असेल तर ती मागा. फोन नको वाटला तर चिठ्ठी लिहा. समोरच्याने ती स्वीकारलीच पाहिजे असा आग्रह धरू नका. तो त्याच्या वाट्याचा कागद आहे.

मग ज्याचं देणं आहे ते माणूसच राहिलं नसेल तर? इथे मला पंडिता रमाबाई आठवतात. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास त्यांनी दुष्काळात आईवडील गमावले. मग बहीण गेली, १८८०मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, १८८२मध्ये नवरा बिपिनबिहारी मेधवी पटकीने गेले. तान्ही मनोरमा तेवढी उरली. भुकेने माणसं मरताना त्यांनी स्वतःच्या घरात पाहिली होती. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार शेकडो मुलींना घेऊन आल्या, त्यांना केडगावला आसरा दिला. त्यांचा देव येशू ख्रिस्त होता आणि भरवसाही त्याच्यावरच होता. स्वतःच्या आईला त्या वाचवू शकल्या नव्हत्या. ते त्या विसरल्या नाहीत. ज्या भुकेची ओळख होती तिच्याच दारात त्या पुन्हा गेल्या, पण या खेपेला त्यांच्या हातात काही देण्यासारखं होतं. गेलेल्या माणसाचं देणं असं दुसऱ्या कोणापाशी फेडता येतं. ज्या आजारात तुमचं माणूस गेलं त्या वॉर्डात महिन्यातून एकदा डबा नेऊन द्या, ज्या भावाशी बोलणं राहून गेलं त्याच्या मुलाचं एक वर्षाचं शिक्षण उचला.

दुसऱ्या पानावर पुष्कळ वेळा अशाही गोष्टी येतात ज्या देणं नसतातच. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत, किती घरांत हे पान कायमचं लिहिलं गेलं. मी त्यांना आधी का नाही हलवलं, मी पलंग का नाही मिळवू शकलो, शेवटी तोंड पाहायला गेलो नाही. त्या महिन्यांत ऑक्सिजन आणि पलंग शहरभर फिरूनही मिळत नव्हते, आणि शेवटचं दर्शन नियमांनीच अडवलं होतं. तेव्हा हाताशी असलेल्या माहितीवर केलेली धावपळ आज कळलेल्या गोष्टींच्या मापाने मोजू नका. शंका जात नसेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना किंवा ओळखीच्या डॉक्टरला कागद दाखवून सरळ विचारा, ‘काही वेगळं झालं असतं का?’ पुष्कळदा उत्तर ‘नाही’ असतं, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं. त्यानंतर ती ओळ वहीत खोडा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगत बसलेली माणसं देवासमोर उभी राहायलाही कचरतात.

पहिल्या पानाकडे परत येऊ. त्यातलं सगळंच बुडवायचं नसतं. जे अजून चालू आहे ते मागचं नव्हेच. नवरा आजही हात उचलत असेल, तर क्षमेचा विषय नंतरचा, आधी तिथून बाहेर पडायचा. १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे, तातडीला ११२ आहे. आणि हक्क ही वेगळी गोष्ट आहे. महाराष्ट्रात १९९४मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने वाटा हिंदू वारसा कायद्याने दिला, २००५मध्ये तो साऱ्या देशात आला. तरी आजही वडील गेल्यावर भाऊ हक्कसोडपत्राचा कागद पुढे करतात, आणि माहेर तुटेल, देव बघेल, सोडून दे, असं बहिणीला समजावलं जातं. बहिणींनो, कागद वाचल्याशिवाय, तुमच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. तेराव्याच्या आत तर कोणत्याच कागदावर नको. तुम्हाला वाटा सोडायचा असेल तर खुशाल सोडा, पण तो तुम्ही सोडा, तुमच्याकडून तो सोडवून घेतला जाऊ नये. वाटा घेऊनही भावाविषयीची कडवट वसुली मनातून काढून टाकता येते. दोन्ही एकत्र होऊ शकतं.

सोसणं म्हणजेच श्रद्धा असं मानलं, तर चोखोबांच्या अभंगांतले प्रश्न फुकट गेले म्हणायचे. ज्या दाराबाहेर चोखोबा उभे राहिले ते दार सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजींनी मे १९४७मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केलं, आणि विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं झालं. गुरुजींची देवावरची माया कमी होती असं कोण म्हणेल?

कान्होबाच्या वाट्याबद्दल मी आधी म्हटलं होतं. घरात एखादा मोठा अन्याय झाला असेल, तर त्यातली प्रत्येक व्यक्ती आपापल्या वेळेने मोकळी होते. आईने बापाला क्षमा केली म्हणून मुलीनेही करावी, असं होत नाही. तुम्ही दोन वर्षांत सावरलात आणि तुमची बहीण अजून त्याच घटनेविषयी बोलते, तर तिला सोडून द्यायला सांगू नका. ऐका, चहा करा, आणि तिचे कागद तिच्याकडे राहू द्या.

आणि जिजाईचंही ऐकायला हवं. तुकोबांच्या या दुसऱ्या बायकोला आपल्या कीर्तनांनी आणि चित्रपटांनी कजाग ठरवलं. पण त्याच दुष्काळातून तीही गेली होती. चूल तिला पेटवायची होती. आणि बडबडत का होईना, डोंगर चढून नवऱ्याला भाकरी तीच नेऊन देत होती. तुम्ही एखादं येणं सोडायचं ठरवाल तेव्हा ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांच्याशी आधी बोला. विशेषतः पैशाचं. भागीदाराकडचे पैसे सोडून देण्याने तुम्हाला शांती मिळेल आणि बायकोला दागिने गहाण टाकावे लागतील, तर त्यात तुमच्याबरोबर तिचाही कागद बुडतो. अशा वेळी पैशाची रीतसर वसुली चालू ठेवा, नोटीस पाठवायची तर पाठवा, आणि फक्त सूड तेवढा सोडा.

मग जे खरंच सोडायचं आहे त्याचं काय करायचं? परत न येणारी वर्षं, न मिळालेलं कौतुक, मरून गेलेल्या माणसाची न आलेली माफी. ते वेगळ्या कागदावर उतरवून घ्या, देवासमोर एकेक ओळ वाचा, प्रत्येक ओळीनंतर एवढंच म्हणा की हे मी यापुढे मागणार नाही, याचं काय करायचं ते तू बघ. नंतर कागद फाडा किंवा जाळा. (नदीत टाकू नका, इंद्रायणीची आजची अवस्था पाहवत नाही.) हे एकदा करून भागणार नाही. वर्षश्राद्धाला, पितृपक्षात, लग्नाच्या वाढदिवसाला, कोणाच्या तरी बारशात ते सगळं पुन्हा वर येईल. त्याने तुमचं आधीचं सोडणं खोटं ठरत नाही. पुन्हा तीच ओळ, पुन्हा तेच वाक्य. अशा दिवसांची तयारी आधीपासून ठेवा: त्या दिवशी एकटं राहू नका, सुट्टी काढा, कोणाकडे जेवायला जायचं ते आधी ठरवा.

कर्जखतं बुडवल्यावर तुकोबा रिकामे बसले नाहीत, हेही सांगायला हवं. पूर्वज विश्वंभरबाबांनी बांधलेलं विठ्ठलाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते त्यांनी दुरुस्त केलं, माती-दगडाचं काम स्वतः केलं. मग आधीच्या संतांचे अभंग पाठ केले, कीर्तनात मागे उभे राहून ध्रुपद धरलं. स्वतःचं काव्य त्यानंतर आलं. हा क्रम मला फार खरा वाटतो. दुःखानंतर लगेच त्याचा अर्थ शोधायला बसू नका, तो लवकर हाती लागत नाही. आधी हाताला काम द्या: परसातली माती, गळकं छप्पर, देवळातली झाडलोट. मग दुसऱ्यांच्या शब्दांत प्रार्थना करा, कारण त्या दिवसांत स्वतःचे शब्द सापडत नाहीत. गावात किंवा सोसायटीत भजनी मंडळ असेल तर मागच्या रांगेत बसा, टाळ धरता आला नाही तरी चालतं. तिथे कोणी काही विचारत नाही आणि माणूस एकटाही राहत नाही. परदेशात असाल तर एकादशीला दोन-तीन घरांनी एकत्र येऊन हरिपाठ म्हटला तरी तेवढंच बळ मिळतं. २०२०मध्ये पायी वारी झाली नाही, मोजक्या लोकांनी पादुका बसने पंढरपूरला नेल्या, आणि लाखो वारकऱ्यांनी त्या वर्षीची आषाढी घरातच केली. नेम मोडला नाही, त्याचं रूप तेवढं लहान झालं. तुमच्या वाईट वर्षातही असंच लहान रूप पुरेल.

एक इशारा मात्र स्पष्ट देते. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप लागत नसेल, अन्न जात नसेल, अंथरुणातून उठवत नसेल, किंवा जगणं नको असं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. आत्ता लगेच कोणाशी बोलायचं असेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. औषध घेणं म्हणजे देवावरचा भरवसा कमी पडला असं मुळीच नाही. मधुमेहाची गोळी घेऊन आपण आरती करतोच की.

हे वाचणाऱ्यांत असेही असतील ज्यांचं स्वतःचं ठीक चाललं आहे, पण शेजारच्या घरात दुःख आहे. त्यांनी तिथे जाऊन प्रवचन करू नये. का झालं, कसं झालं, हेही विचारू नये. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे जायचं असतं, बँकेत मृत्यूचा दाखला द्यायचा असतो, गॅसच्या जोडणीवरचं नाव बदलायचं असतं, विम्याचे कागद शोधायचे असतात, आणि त्या दिवसांत घरातल्या माणसाला सहीसुद्धा सुचत नाही. सोमवारी सकाळी दहा वाजता त्यांच्या दारात जा, कागदांची पिशवी स्वतःच्या हातात घ्या आणि सोबत रांगेत उभे राहा.